माणूस कुठनं आला: कॉलेजच्या संग्रहालयाच्या कामाच्या नोंदी, सांगली

१६ जून

खोली मिळाली एकदाची. वरच्या मजल्यावरची जुनी जॉग्रफी लॅब. आत नकाशांच्या गुंडाळ्या, काचेची दोन कपाटं (त्यातल्या एकाची काच तडकलेली), एक मोडका ग्लोब आणि खिडकीत कबुतरांनी मांडलेला संसार. प्राचार्य खालचा हॉल देत होते, तो मोठापण आहे आणि गेटजवळपण, पण २०१९ च्या पुरात त्या हॉलमध्ये किती पाणी होतं ते भिंतीवरच्या डागावरून अजून दिसतं, त्यामुळे मी वरचीच मागितली आणि चढायला जिना आहे हे ऐकून घेतलं.

विषय ठरलाय, माणसाची उत्पत्ती आणि पुढं त्यानं काय काय करून दाखवलं ते. टीम म्हणजे मी हिस्ट्रीची, झूलॉजीचे सर, लॅबचे मामा आणि जी पोरंपोरी रविवारीपण येतो म्हणाली ती. बजेटबद्दल एवढंच लिहिते की नवीन कपाटं येणार नाहीत.

कपाटामागं एक जुना चार्ट सापडला. तोच तो, डावीकडं चार पायांवरचं माकड, मग जरा वाकलेलं, मग केसाळ भाला घेतलेलं आणि शेवटी ताठ उभा गोरापान पुरुष. पोरं म्हणाली मॅडम भारी आहे, फ्रेम करून दारात लावू. सर म्हणाले हा सगळ्यात आधी उतरवायचा.

२१ जून

मीटिंग चार्टवरच अडकली. टी.वाय.च्या एका पोरानं नेहमीचा प्रश्न काढला, माकडापासून माणूस झाला तर आता झाडावरची माकडं माणूस का होत नाहीत. हसण्यावारी नेण्यासारखा प्रश्न नाही, संग्रहालयात येणाऱ्या दहातले आठजण मनातल्या मनात हाच विचारणार आहेत आणि विचारायला लाजणार आहेत.

सरांनी फळ्यावर भाऊबंदकी काढली. चिंपांझी आपला आजोबा नाही, चुलतभाऊ आहे. दोघांचा पणजोबा एक, तो साधारण ६० ते ७० लाख वर्षांपूर्वी आफ्रिकेत होता, तो ना आजच्या चिंपांझीसारखा ना आपल्यासारखा. तिथनं वाटण्या झाल्या. आता चुलत्याच्या घरची पोरं आपल्या आडनावाची असली म्हणून ती उद्या आपल्या घरात येऊन आपल्यासारखी होतील असं थोडीच आहे, त्यांचं त्यांचं चाललंय. आणि आपल्या बाजूलापण एकच पोरगा नव्हता, बरेच होते, बाकीचे निर्वंश झाले, आपण उरलो.

त्यावर पोरगं म्हणालं, सर मग चार्टमध्ये हे का नाही काढत? सर म्हणाले कारण सरळ रेघ काढायला सोपी असते.

ठरलं ते असं: दारात रांग नाही, झाड. आणि त्या झाडावर नालेदी पायजेच. होमो नालेदी, दक्षिण आफ्रिकेतल्या रायझिंग स्टार गुहेत २०१३ ला सापडला, २०१५ ला जगाला कळला. मेंदू संत्र्याएवढा, ४६५ ते ६१० सीसी, आपला साधारण १३५०. रांगेच्या हिशोबानं हा वीस लाख वर्षांपूर्वीचा असायला पायजे होता. निघाला २,३६,००० ते ३,३५,००० वर्षांपूर्वीचा, म्हणजे आपली जात आफ्रिकेत जन्माला आलेली असताना हापण तिथंच नांदत होता. एवढं एक उदाहरण दिलं तरी चार्ट आपोआप भिंतीवरून खाली येतो.

जुना चार्ट मात्र टाकायचा नाही. आतल्या भिंतीवर लावायचा, खाली लेबल, 'हे चित्र चुकीचं का आहे?'

२८ जून

व्हरांडा मोजला, ३५ मीटर. भिंतीवर काळाची पट्टी काढायचीय, ७० लाख वर्षं ३५ मीटरमध्ये बसवली की एक मीटर म्हणजे २ लाख वर्षं, एक सेंटिमीटर म्हणजे २,०००, आणि एक मिलिमीटर म्हणजे २००. हिशोब करायला घेतला आणि एस.वाय.ची पोरं जी गप्प झाली ती झालीच.

जिन्याच्या टोकाला चाडमध्ये २००१ ला सापडलेली साहेलान्थ्रोपसची कवटी (आपल्या बाजूचा सगळ्यात जुना बहुतेक हाच), साधारण ७० लाख. तिथनं चालत यायचं. खोलीच्या दारापासून १६ मीटरवर ल्युसी, म्हणजे इथिओपियात सापडलेला आपल्या बाजूच्या एका बाईचा सांगाडा, ३२ लाख वर्षं. तिच्या अर्धा मीटर अलीकडं-पलीकडंच केनियातल्या लोमेक्वीची दगडी हत्यारं, ३३ लाख. साडेसात मीटरवर आपल्या तमिळनाडूतलं अत्तिरम्पक्कम, १५ लाख वर्षांपूर्वीच्या हातकुऱ्हाडी (दांडा नसलेली, मुठीत धरायची दगडी हत्यारं). मग पाच मीटरवर दक्षिण आफ्रिकेतल्या वंडरवर्क गुहेतली आग, १० लाख. आपण, म्हणजे होमो सेपियन्स, दारापासून फक्त दीड मीटरवर, मोरोक्कोतलं जेबेल इरहूद, ३ लाख. शेती सहा सेंटिमीटरवर. लिहिणं अडीच. शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक पावणेदोन मिलिमीटरवर. आणि विष्णुदास भाव्यांनी १८४३ ला सांगलीत सीता स्वयंवर केलं, ज्याचा आपण एवढा अभिमान बाळगतो, ते मिलिमीटरलापण कमी पडलं, पेनाच्या टोकाची जाडी.

एकीनं विचारलं आपला काळा दगड कुठं येईल? दख्खनचा बेसॉल्ट साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांचा. ३३० मीटर. गेटच्या बाहेर, रस्ता ओलांडून, चहाच्या टपरीच्याही पुढं. तिथं एक पाटी लावू का म्हणाली. टपरीवाल्या काकांना विचारलं तर म्हणाले लावा की, गिऱ्हाईक वाढंल.

७ जुलै

कवट्या. विकत घ्यायच्या तर ऐपत नाही, पण आता बऱ्याच जीवाश्मांचे स्कॅन नेटवर उघडे ठेवलेत, नालेदीचे तर शोध जाहीर करतानाच ठेवले होते, ल्युसीच्या खांद्यागुडघ्याची हाडं २०१६ पासून. कुपवाड एमआयडीसीत एकांचं थ्रीडी प्रिंटरचं वर्कशॉप आहे, ते म्हणाले मटेरियलचे पैसे द्या, मशीन रात्री मोकळंच असतं. पहिली कवटी आली ती हिरव्यागार प्लास्टिकची, कारण तेवढाच रोल शिल्लक होता. मामा बघून म्हणाले, "मॅडम, ह्यो माणूस इसाचा दिसतोय." आता पांढरा आणि मातकट रोल मागवलाय, वरनं ॲक्रिलिकचा हात द्यायचा.

सरांचा आग्रह आहे की कवट्या काचेत नको, हातात द्यायच्या, आणि वरनं नाही तर खालनं बघायला लावायच्या. कवटीच्या तळाला जे मोठं भोक असतं, मज्जारज्जू बाहेर पडतो ते, चिंपांझीत मागं सरकलेलं असतं कारण डोकं मानेपुढं लोंबतं, आपल्यात बरोबर मधोमध कारण डोकं मणक्यावर तोललेलं. बोट घालून बघितलं की कळतं. १९२४ ला दक्षिण आफ्रिकेत टाँग इथं एका पोराची कवटी मिळाली, शरीररचनेचा प्राध्यापक रेमंड डार्टनं हेच भोक बघून सांगितलं की हे पोर दोन पायांवर चालायचं, मेंदू छोटा असला तरी. म्हणजे आधी चालणं, डोकं नंतर. लोकांना वर्षानुवर्षं पटलं नाही, डोकंच आधी मोठं झालं असणार असं वाटायचं.

बंद डोळ्यांनी फक्त भोक चाचपून कोण दोन पायांचं कोण चार पायांचं ओळखायचं असा खेळ पोरांनी तयार केला. माझ्या मते अख्ख्या संग्रहालयातली ही सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात चांगली गोष्ट आहे.

१२ जुलै

रामापिथेकस. आपण सगळ्यांनी दहावीला पाठ केलेला. पोरांनी झाडाच्या बुंध्यालाच त्याला लावून टाकलं, आणि ते काढताना मलाच वाईट वाटलं, नाव आपल्याकडचं आहे ना. शिवालिकच्या टेकड्यांतला जबड्याचा तुकडा, १९३० च्या दशकात नाव दिलं, बरीच वर्षं हाच माणसाचा पूर्वज असं चाललं. मग पाकिस्तानातल्या पोटवार पठारावर शिवापिथेकसचा चेहऱ्याचा भाग मिळाला आणि १९८० च्या सुमाराला लक्षात आलं की रामापिथेकस वेगळा नाहीच, तो शिवापिथेकसच, आणि त्याचं नातं ओरांगउटानशी आहे, आपल्याशी नाही.

काढून टाकायचा की ठेवायचा यावर वाद. ठेवला, ओरांगउटानच्या फांदीवर, आणि लेबलवर लिहिलं की आधी कुठं होता आणि का हलवला.

भारतातली खरी जुनी कवटी म्हणाल तर नर्मदेकाठच्या हथनोराची, ५ डिसेंबर १९८२ ला अरुण सोनकियांना मिळाली, जिऑलॉजिकल सर्व्हेचे. अख्खी नाही, वरचा टोपीसारखा भाग. तिचा फोटो मोठा करून लावायचा.

२० जुलै

दगड. बेसॉल्टचा देश आहे आपला, तेव्हा पोरांना वाटलं की हातकुऱ्हाड करणं काय अवघड, अंगणात दगड पडलेत. गॉगल आणि हातमोजे घालून बसली आणि दुपारभर नुसता भुगा केला. मग मामांनी त्यांच्या गल्लीतले पाथरवट काका आणले, पाट्या-वरवंट्याला टाकी लावणारे.

काकांनी आधी सगळे दगड एकमेकांवर वाजवून बघितले. खणखणीत वाजला तो ठेवला, बद्द वाजला तो फेकला. "आत चीर हाय, हाणला की कुटंबी फुटंल." भोकंभोकं असलेला दगड तर हातातपण घेतला नाही. मग म्हणाले मधी कशाला मारताय, कडेला मारा, आणि कड बोथट असली तर आधी तिला धार करून घ्या. पुस्तकात हेच लिहिलेलं आहे, नव्वद अंशापेक्षा कमी कोन पायजे, मार कडेजवळ पायजे, तर छिलका सुटतो आणि त्यावर शिंपल्यासारख्या लाटा उमटतात. काकांनी पुस्तक वाचलेलं नाही आणि ३३ लाख वर्षांपूर्वीच्या त्या कुणीपण नव्हतं वाचलं. दोन-तीन फटक्यांत असा छिलका काढला की त्यानं आम्ही कागद कापला.

नदीच्या गोट्यांत कॅल्सेडनी मिळते, ती तर काचेसारखी फुटते. महाराष्ट्रातले ताम्रपाषाणयुगीन शेतकरी तिचीच पाती काढायचे, तांबं महाग, दगड फुकट.

इथं एक नकाशा लावायचाय. लोकांना वाटतं हे सगळं आफ्रिकेत, आपल्याकडं काय. रॉबर्ट ब्रूस फूट या इंग्रज भूगर्भशास्त्रज्ञाला ३० मे १८६३ ला मद्रासजवळ पल्लावरमला पहिली हातकुऱ्हाड मिळाली, ते एक. दुसरं म्हणजे आपलीच कृष्णा, खाली कर्नाटकात गेली की तिच्या खोऱ्यात हुणसगी, तिथं डेक्कन कॉलेजच्या पद्दय्या सरांनी इसमपूरला हत्यारं घडवायची अख्खी जागा शोधली, साधारण १२ लाख वर्षांपूर्वीची. आयर्विन पुलाखालनं जे पाणी जातं ते पुढं जाऊन जिथं पोचतं तिथलीच गोष्ट आहे ही.

काकांना मानधन द्यायचं बिल ऑफिसनं परत पाठवलं, 'शैक्षणिक पात्रता' हा रकाना मोकळा आहे म्हणून. मी तिथं 'वरवंटा' लिहिणार होते, सरांनी थांबवलं.

१९ ऑगस्ट

कोयनेतनं विसर्ग वाढवलाय, पाऊस थांबायचं नाव नाही. आयर्विनला इशारा पातळी ४० फूट, धोका ४५. २०१९ ला ५७ च्या वर गेलं होतं हे इथल्या प्रत्येकाला पाठ आहे, त्यामुळे आकडा ऐकला की आधी पोटात गोळा येतो मग डोकं चालतं. आमची खोली वर आहे पण खालच्या स्टोअरमध्ये ठेवलेलं प्लास्टर, कागद, छापून आलेले पॅनल सगळं वर चढवलं. कॉलेजला सुट्टी जाहीर झाल्यावरपण चार पोरं थांबली. काम बंद.

३० ऑगस्ट

पाणी उतरलं. घरोघरी गणपती आहेत, त्यामुळे पोरं अर्धा दिवसच येतात, तेपण मोदकाच्या डब्यासकट. काही तक्रार नाही.

६ सप्टेंबर

पूर ओसरला की घाटावर जो गाळ राहतो तो महापालिका उचलायच्या आत मामांनी दोन पोती भरून आणला. लायतोलीसाठी.

लायतोली म्हणजे टांझानियातली जागा, मेरी लीकींच्या टीमला १९७८ ला तिथं पावलांची ओळ मिळाली, साधारण २७ मीटर लांब, ३६ लाख वर्षांपूर्वीची. ज्वालामुखीची राख पडली, वर पावसाचा शिडकावा झाला, त्या ओल्या राखेवरनं कोणी चालत गेलं, ऊन पडलं, राख सिमेंटसारखी आवळली आणि वरनं परत राख. हाडं बघून माणूस म्हणतो असेल बुवा. पावलं बघितली की वेगळंच वाटतं, कारण अंगठा इतर बोटांच्या ओळीत आहे, माकडासारखा बाजूला नाही, आणि टाच आधी खोल रुतलीय मग पुढचा भाग ढकललाय. आपण चालतो तसंच.

आम्ही पत्र्याच्या लांब ट्रेमध्ये गाळ पसरला आणि एकेकाला अनवाणी चालायला लावलं. पहिल्यांदा फार पातळ झाला, पाय काढला की खड्डा मिटायचा. मग थोडी राख मिसळली (बंबातली, मामांच्या घरची) आणि एक रात्र सुकू दिला, तेव्हा कुठं जमलं. पावलात प्लास्टर ओतून ठसे काढले. एका पोराचा तळवा पूर्ण सपाट निघाला, त्याला पोलीस भरतीची तयारी करायचीय म्हणून जरा काळजीत पडला, सरांनी बाजूला घेऊन समजावलं.

पावलाची लांबी उंचीच्या साधारण १५ टक्के असते, त्यावरनं प्रत्येकानं आपली उंची काढली, बऱ्यापैकी जुळली. मग लायतोलीतल्या छोट्या ओळीचं पाऊल, साधारण १८ सेंटिमीटर, शेजारी ठेवलं. हिशोब केला तर चार फुटाच्या आत. आपल्याकडच्या दुसरी-तिसरीतल्या पोराएवढं. खरं तर त्यांचे पाय अंगाच्या मानानं अगदी आपल्यासारखेच होते असं धरून हा आकडा येतो, हेपण लेबलवर लिहायला सांगितलं.

१३ सप्टेंबर

लेबलांचा दिवस, म्हणजे भांडणांचा. एका पोरीनं प्रत्येक कच्च्या मजकुराखाली पेन्सिलनं एकच शब्द लिहून ठेवला होता: 'कशावरून?' आधी राग आला. मग वाटलं की हाच आपला साचा. आता प्रत्येक लेबलची शेवटची ओळ 'कशावरून' अशीच सुरू होते. ल्युसी दोन पायांवर चालायची. कशावरून: मांडीचं हाड गुडघ्याकडं आत कलतं, आणि कमरेचं हाड रुंद, बुटकं. निअँडरथल, म्हणजे आपले निर्वंश झालेले चुलतभाऊ, आपल्यात मिसळले. कशावरून: आफ्रिकेबाहेरच्या लोकांच्या डीएनएत त्यांचा एक-दोन टक्के वाटा सापडतो, आणि तो जुन्या हाडांतला डीएनए वाचून दाखवल्याबद्दल स्वान्ते पाबोंना २०२२ चं नोबेल मिळालं.

दुसरं ठरलं की प्रत्येक वस्तूवर ठळक चिठ्ठी पायजे, 'प्रतिकृती', आणि खरी कुठं आहे ते. ल्युसी आदिस अबाबाच्या राष्ट्रीय संग्रहालयात. यावर समितीतले एक सदस्य म्हणाले, "मॅडम, कशाला सांगायचं, पब्लिकला काय कळतंय." मी त्यांना पिल्टडाऊनची गोष्ट सांगितली, तीपण आता एका कपाटात येणार आहे. १९१२ ला इंग्लंडात कवटी 'सापडली', डोकं माणसाचं, जबडा माकडाचा, सगळे खूश, कारण सगळ्यांना असंच काहीतरी पायजे होतं, मोठा मेंदू आधी आणि तोपण इंग्लंडात. १९५३ ला उघडकीला आलं की जबडा ओरांगउटानचा, दात कानशीनं घासलेले, वरनं रंग दिलेला. चाळीस वर्षं. आणि टाँगच्या पोराला कोणी विचारलं नाही त्याचं एक कारण हेच, ह्याच्याशी ते जुळत नव्हतं.

सदस्य म्हणाले बरं, लावा चिठ्ठ्या, पण लहान अक्षरात. मोठ्याच लावल्यात.

२१ सप्टेंबर

मिरज. खोलीच्या दुसऱ्या भागासाठी, म्हणजे माणसानं काय करून दाखवलं त्यासाठी, मला पिरॅमिड-बिरॅमिडपासून सुरुवात करायची नव्हती. ते सगळीकडं असतं. आम्ही वाद्यांपासून करतोय, कारण मिरज शेजारी आहे आणि कारण माणूस लिहायला शिकला त्याच्या कितीतरी आधी वाजवायला शिकलाय.

सतारमेकर गल्लीत एका कारखान्यात बसलो. ही मंडळी मूळची शिकलगार, हत्यारांना धार लावणारी, तलवारींचं काम संपलं तसे वाद्यांकडं वळली. भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडनं येतात, मुद्दाम मोठे वाढवलेले, वाळवून ठेवलेले माडीवर टांगलेले. चाचांनी तंबोऱ्याची जवारी लावताना दाखवली, घोडीची पाठ कानशीनं इतकी हलकी घासायची की डोळ्याला काही फरक दिसत नाही, आणि मग तारेखाली सुताचा धागा सरकवायचा, एका ठरावीक जागी आला की आवाज एकदम उघडतो. पोरं अवाक. चाचांना विचारलं हे कुठं लिहिलंय का, तर म्हणाले, "कानात लिहिलंय." २०२४ ला मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं त्याचं सर्टिफिकेट भिंतीवर आहे, त्याच्या शेजारी अब्दुल करीम खाँसाहेबांचा फोटो.

एक तडा गेलेला भोपळा, एक तबली (भोपळ्यावर बसवायची लाकडी पाटी) आणि अर्धवट कोरलेली दांडी असं संग्रहालयासाठी दिलं. ह्यावरची चिठ्ठी वेगळ्या रंगाची, 'खरी वस्तू'. अख्ख्या खोलीत अशा थोड्याच असणार आहेत.

२८ सप्टेंबर

तंबोऱ्याच्या शेजारी बासरी. जर्मनीतल्या होले फेल्स गुहेत २००८ ला मिळाली, गिधाडाच्या पंखाच्या हाडाची, पाच भोकं, जवळपास २२ सेंटिमीटर लांब, आठ मिलिमीटर जाड, आणि वय साधारण ४०,००० वर्षं. गिधाडाचं हाड आतनं पोकळच असतं, उडायला हलकं म्हणून.

आम्ही मापं घेऊन वेळूची केली, चिठ्ठी: 'आम्ही केलेली, हाड नाही'. टी.वाय.चा एक पोरगा बासरी शिकतो, त्याला वाटलं लगेच वाजेल. वाजेना. आपली बासरी आडवी, ही टोकातनं फुंकायची, टोकाला व्हीसारख्या खाचा आहेत तिथं ओठ लावून. बराच वेळ नुसती हवा. सरांनी मोबाईलवर व्हिडिओ लावला, ओठ थोडा तिरका केला आणि सूर निघाला, जरा फाटका पण सूर. मग तो थांबेच ना, भूपाची आरोही बसते का बघत बसला, बसत नव्हती पूर्ण, भोकं त्या हिशोबानं पाडलेलीच नाहीत.

४ ऑक्टोबर

गावाकडनं वस्तू आणतो असं म्हणणाऱ्यांची रांग लागलीय. खानापूर तालुक्यातल्या एका पोरानं देवळामागचा वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्याच्या आठवणीचा कोरीव दगड, ट्रॅक्टरमध्ये घालून आणायची तयारी केली होती, सरपंचांशी बोलूनसुद्धा झालं होतं. थांबवला. शंभर वर्षांवरची वस्तू म्हणजे १९७२ च्या पुरावशेष कायद्यात येते, आणि कायदा सोडला तरी वीरगळ जिथं आहे तिथं तो काहीतरी सांगतो, आमच्या खोलीत आणला की नुसता दगड.

उपाय: फोटो. ढगाळ दिवशी जायचं म्हणजे कडक सावल्या पडत नाहीत, चारी बाजूंनी एकमेकांवर चढतील असे भरपूर फोटो काढायचे, सॉफ्टवेअर त्याचं थ्रीडी मॉडेल बनवतं. पोरगं जाऊन आलं. झिजलेला वाटणारा दगड स्क्रीनवर उजेड तिरका केला की बोलायला लागला. खाली लढाई, आणि पायाशी गाई, म्हणजे गुरं सोडवताना मेलेला. मधल्या चौकटीत अप्सरा त्याला घेऊन चालल्यात. वर शिवलिंगाची पूजा, सगळ्यात वर चंद्रसूर्य. पोराचे आजोबा म्हणाले इतकी वर्षं आम्ही त्याला शेंदूर लावतोय, गाई आज दिसल्या.

१२ ऑक्टोबर

इनामगावचा कोपरा. पुणे जिल्हा, घोड नदीकाठ, डेक्कन कॉलेजनं १९६८ ते १९८३ खोदलेलं, सांकलिया, ढवळीकर, अन्सारी. इ.स.पू. १६०० ते ७०० च्या आसपासचं गाव. महाराष्ट्रातल्या शेतकऱ्यांची सगळ्यात जास्त माहिती असलेली जुनी वस्ती असेल ती. जव पिकवायचे, नदीचं पाणी पाटानं आणायचे.

अवघड प्रश्न पुरण्याचा. लहान मूल गेलं की दोन मातीचे रांजण तोंडाला तोंड लावून त्यात ठेवून घरातच जमिनीखाली पुरायचे. मोठ्या माणसाचे पाय घोट्यापासून तोडायचे. हे दाखवायचं की नाही यावर दोन पोरी म्हणाल्या शाळेतली मुलं येणार, नको. मी म्हटलं दाखवायचं, पण सांगाड्याचा फोटो नाही, नुसते दोन रांजण, तोंडाला तोंड. लेबल दोन ओळींचं. बायका उभ्या राहून बघतील, त्यांना जास्त सांगावं लागणार नाही.

रांजण आणि जोर्वेचा, म्हणजे त्या काळच्या भांड्यांच्या घाटाचा, तोटीचा चंबू कुंभारवाड्यातनं करून घेतले. कुंभार काका फोटो बघून म्हणाले अंग चाकावर काढलंय, तोटी वेगळी करून चिकटवलीय, आणि आवा चांगला कडक लागलाय, वाजवून बघितलं असतं तर टणटण वाजलं असतं. जोर्वेच्या खापरांबद्दल पुस्तकं हेच म्हणतात, टणटणीत भाजलेली.

५ नोव्हेंबर

आज उद्‌घाटन ठेवा असं कोणीतरी म्हणालं होतं. रंगभूमी दिनाला सांगलीत दुसरं काहीही ठेवलं तर खुर्च्याच येतील. शनिवारी ठेवलंय.

नववीच्या पोरांना आधी फिरवून बघितलं. व्हरांड्यात जिन्यापासून चालत आली, पहिले दहाबारा मीटर नुसत्या रिकाम्या पट्टीला कंटाळली, ढकलाढकली सुरू. शेवटच्या दीड मीटरला सगळी एकावर एक कोंबली, कारण वाचायला सगळं तिथंच आहे. सरांना वाटतं मधे काहीतरी भरायला पायजे. मला वाटतं नको, तो कंटाळाच खरा आहे. मिटलं नाही.

१५ नोव्हेंबर

उद्‌घाटन झालं. भाषणं लांबली, फीत कापायची कात्री आयत्या वेळी सापडेना, शेवटी पाथरवट काकांनी काढलेल्या छिलक्यानं फीत कापली, ठरवलेलं अजिबात नव्हतं पण पेपरात तोच फोटो आला.

गर्दी कवटीच्या भोकाच्या खेळापाशी आणि गाळाच्या ट्रेपाशी. पिल्टडाऊनच्या कपाटापुढं एक गृहस्थ बराच वेळ उभे होते, मग माझ्याकडं येऊन म्हणाले, "म्हणजे शास्त्रज्ञपण चुकतात तर." म्हटलं हो, आणि पकडतातपण तेच. ते म्हणाले हे लिहा की मग तिथं. लिहायचंय.

दारात गदा घेतलेला केसाळ आदिमानव फायबरमध्ये करून देतो अशी एका देणगीदारांची ऑफर आहे, खर्च सगळा त्यांचा. सगळे खूश, मी आणि सर सोडून. सरांनी त्यांना पत्र लिहिलंय, त्यात एकच प्रश्न विचारलाय, गदा कशावरून. उत्तर आलेलं नाही.

मंगळवारी विट्याची शाळा येणार, दोन बस. गाळ परत भिजवायचा, प्लास्टरची पिशवी संपत आलीय, भूपवाला पोरगा परीक्षेमुळं नाही तेव्हा बासरी कोण वाजवणार ते बघायचं.